मिठात पडलेली नानकटाई

एकदा काय झालं, एका डोंगरावर एक राक्षस आणि त्याची राक्षसीण राहत होती. त्याचं नाव गडगड्या, तिचं नाव कडकडी. माणसं खात नव्हते हं ते, घाबरू नका. पण त्याला लागायचं गोड आणि तिला लागायचं खारट. रोज तिन्हीसांजेला चूल पेटली की भांडण सुरू. तो म्हणायचा, "आज शिरा." ती म्हणायची, "शिरा गेला खड्ड्यात, आज खारे शेंगदाणे." मग तो पाय आपटायचा, ती पाय आपटायची, आणि अख्खा डोंगर गदगदा हलायचा.

डोंगराखाली राहायचा कोंडिबा कुंभार आणि त्याची बायको आवडी. दोघं मिळून मडकी घडवायची, वाळवायची, भट्टी रचून भाजायची. डोंगर हलला की भट्टीतली मडकी एकमेकांवर आपटून खळ्ळकन फुटायची. गावात एक धड घागर उरली नाही, बरं का. लोक ओंजळीनं पाणी प्यायचे. पाटलीणबाईंनी तर पितळेच्या तपेल्यात लोणचं घातलं, तेही हिरवं पडलं.

कोंडिबा म्हणाला, "आवडे, आता भट्टी फुटली तर गाव सोडायचं. चाक गाडीत घालायचं न् निघायचं."

इथल्या तळ्याची माती आवडीच्या हाताला ओळखत होती. दुसऱ्या गावची माती कशी असेल, कोण जाणे.

मग ती उठली. तूप तळहातानं फेटलं, पांढरं लोण्यासारखं होईस्तोवर. पिठीसाखर घातली, कणीक घातली, वेलची घातली. कढईत जाड मीठ ओतून तापवलं. ते मीठ खायला नव्हे हं, नुसतं धग धरायला. त्यावर मातीची थाळी, थाळीत नानकटाईचे गोळे, वर झाकण, झाकणावर निखारे. वास असा सुटला की शेजारची मांजर चुलीपाशी येऊन बसली. मग टोपली डोक्यावर घेऊन आवडी डोंगर चढली.

गडगड्यानं नानकटाई खाल्ली न् खूश झाला. पण कडकडी फुगली. "ह्यांचेच लाड करा. मी काय दगड चघळू?" आणि तिनं असा पाय आपटला की भट्टी फुटली.

"ही शेवटची भट्टी नव्हे," आवडी कोंडिबाला म्हणाली. "अजून एक रचा."

मग तिनं खारी बिस्किटं नेली. कडकडी खूश झाली, गडगड्या रुसला. धाडकन पाय, आणि तीही भट्टी गेली. कोंडिबानं गुपचूप गाडीचं चाक वंगणून ठेवलं.

तिसऱ्यांदा आवडीनं दोन्ही करायचं ठरवलं. खारीचं पीठ मळून ठेवलं, गोड गोळे कढईत लावले. इकडे कोंडिबानं भट्टी पेटवली. तेवढ्यात डोंगरावर जुंपली की. पाय अजून आपटले नव्हते म्हणून भट्टी तगली, पण नुसत्या ओरडण्यानं घर हललं. खारीच्या पिठावर पाण्याचा तांब्याचा हंडा कलंडला, पिठाची झाली कांजी. कढईतली थाळी मधोमध फुटली, आणि गोड नानकटाई पडली उपडी, त्या खायच्या नसलेल्या मिठात.

पीठ संपलेलं, तूप संपलेलं. आवडीनं एकेक बिस्किट उचललं, फुंकर मारली. काही मीठ उडालं, काही तसंच चिकटून राहिलं. तीच टोपली घेऊन ती धावत चढली.

दोघांनी एकेक तोंडात टाकलं.

"खारट आहे हे," गडगड्या गुरगुरला आणि त्यानं पाय उचलला.

"डोळे फुटले का तुमचे? गोडमिट्ट आहे," कडकडी म्हणाली आणि तिनंही पाय उचलला.

आवडीनं डोळे घट्ट मिटले. खाली भट्टी तापलेली, आणि दोन पाय वर.

पण पाय खाली येईनात.

"थांब गं," गडगड्या म्हणाला. "आता गोड लागायला लागलं."

"अहो, मला आता मागून मीठ लागतंय."

"बघू, अजून एक दे."

एका पायावर उभे दोघं. तोल जाऊ नये म्हणून एकमेकांचा खांदा धरलेला, आणि मोकळ्या हातानं टोपली उपसणं चाललेलं. शेवटी टोपलीत एकच बिस्किट उरलं. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कडकडीनं ते नखानं मोडलं. कट् असा आवाज झाला. मोठा तुकडा तिनं नवऱ्याला दिला. त्यानं त्यातला कोपरा मोडून परत तिच्या तोंडात घातला. आणि मग दोघांनी पाय खाली टेकवले. कसे? आपण निजलेल्या बाळाशेजारून जातो ना, तसे.

आवडी खाली आली. कोंडिबानं राख बाजूला केली, एक घागर काढली, बोटानं वाजवली. टण्ण. दुसरी काढली. टण्ण. सगळी भट्टी धड. मग कोंडिबा जाऊन गाडीच्या चाकाचं वंगण पुसून आला.

मग कडकडी आवडीकडून नानकटाई शिकली. कढई म्हणून तिनं आपलं अंघोळीचं घंगाळच घेतलं. गडगड्याला पाय आपटायची सवय होतीच, तो कोंडिबाची माती तुडवून द्यायला लागला. पाटलीणबाईंच्या लोणच्याला नवी बरणी मिळाली. त्या डोंगरावर तेव्हापासून मोडल्याचा एकच आवाज येतो, बिस्किट मोडल्याचा.

सगळी सुखात राहिली. आता तुम्हीही पाय पांघरुणात घ्या. हळूच घ्या, खाली कुणाची तरी भट्टी लागलेली असेल. मिटा डोळे.