करकरलेला बाण

रानात धनुष्यावाचून कुणी पाऊल टाकत नसे, तेव्हाची गोष्ट. बुधीच्या भात्यात वेळूचा एक कोरा बाण होता. एकदा तरी आभाळात झेपावायचं, एवढीच त्याची आस. पण एक दिवस भाता दगडावर आपटला आणि त्या बाणाला केसाएवढी चीर गेली.

शिकारीला निघण्याआधी बुधी प्रत्येक बाण कानाशी धरून वाकवून, चिरल्यासारखा करकरतो का ते बघे.

"श्वास धरून गप्प राहा," शेजारचा बाण कुजबुजला. "तिला कळायचंसुद्धा नाही."

"आणि सुटताना फुटून तिच्याच हातात घुसलो तर?"

बुधीनं त्याला वाकवलं. मन घट्ट करून तो करकरला.

"बरं झालं बोललास रे बाबा," म्हणत तिनं तो वालाच्या वेलाला आधार म्हणून रोवला.

अजूनही धनुष्याची दोरी वाजली, की वारा नसतानाही तो वेल थरथरतो.