मुद्रा आणि फासा

एकदा एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या जेवणाच्या टेबलावर एक राज्य वसवले. त्यात एक नदी होती, नदीच्या दोन तीरांवर दोन वैरी नगरे होती आणि अलीकडच्या नगरात दीपादेवीचा मोठा मठ होता. हे सारे केवळ कागदावर रेखाटलेले होते; तरीही दर रविवारी दुपारी कॉलनीतली तीन मुले त्या राज्यात राहायला येत.

प्रत्येकाने एकेक पात्र घेतले होते. शर्व सेनापती होता, ओजस धनुर्धर आणि अबोल ऋजुता मठातली संन्यासिनी, जी देवीला प्रार्थना करून जखमा बऱ्या करी. पात्राने काय करायचे ते मुले ठरवीत. ते साधले की नाही, हे अनेक बाजूंचा फासा सांगे. उरलेल्या जगाच्या वतीने, राजापासून चोरापर्यंत, शिक्षक बोलत. मुले त्यांना अण्णा म्हणत.

ऋजुताला कोणाला बरे करायचे असले, की ती मठाने दिलेली पितळी मुद्रा आधी समोर ठेवी, डोळे मिटून देवीचे नाव घेई आणि मग आपला निळा फासा टाकी. ही सवय इतकी जुनी झाली होती, की मुद्रा आणि फासा ती एकाच रुमालात बांधून आणत असे.

एका रविवारी तिच्या संन्यासिनीने पैलतीरावरचे तापाने फणफणलेले एक मूल बरे केले. शत्रूच्या नगरात उपचार करण्यास मठाची मनाई होती. परतताना नदीकाठी चकमक झाली, ओजसच्या धनुर्धराच्या छातीत बाण घुसला आणि त्याच वेळी मठाचा दूत तेथे पोहोचला.

“मठाची आज्ञा मोडणारी मठाची राहत नाही,” अण्णा दूताच्या करड्या आवाजात म्हणाले आणि त्यांनी तळहात पुढे केला. “मुद्रा!”

ऋजुताने अख्खा रुमाल त्यांच्या हातावर ठेवला.

“अगं!” ओजस ओरडला. “आणि माझ्या छातीतला बाण?”

“मला मठातून काढलंय ना,” ती खाली बघत म्हणाली. “आता मी कशी बरं करणार?”

ओजसने तो धनुर्धर आपला पाय प्लास्टरमध्ये असताना रचला होता. स्वतःला अंथरुणातून उठता येत नव्हते, तेव्हा तो त्याला रानोमाळ पळवत असे. पात्र मेले की त्याची माहिती लिहिलेल्या कागदाची होडी करून खिडकीत ठेवायची, अशी त्या टेबलाची रीत होती. आता ओजसने धनुर्धराचा कागद ओढून घेतला आणि मधोमध पहिली घडी घातली.

“नीट कर,” शर्व म्हणाला. “मागची तुझी होडी नव्हती, समोसा होता.” पण त्यालाही हसू आले नाही.

अण्णांनी रुमालाची गाठ सोडली. मुद्रा उचलून खिशात टाकली. निळा फासा मात्र रुमालासकट ऋजुतासमोर परत ठेवला आणि ते चहा टाकायला आत निघून गेले.

ते कप घेऊन आले, तेव्हा तिघेही फाशाकडे बघत बसले होते.

“अण्णा, फासा न्यायचा राहिला तुमचा,” ऋजुता म्हणाली.

“मी फक्त मुद्रा मागितली होती.”

“पण मुद्रेशिवाय उपचार नाही, असा नियम आहे!” शर्व म्हणाला.

“कोणाचा?”

“मठाचा.”

“मठाचाच,” अण्णा म्हणाले आणि खुर्चीत टेकले. “या राज्यात मी महंतांचा आवाज काढतो, दूताचा काढतो, पैलतीरावरच्या म्हातारीचाही काढतो. दीपादेवीचा आवाज मी कधी काढलाय का रे?”

मुलांनी आठवून पाहिले. खरेच, कधीच नाही.

“तिचं उत्तर मलाही आधी ठाऊक नसावं, म्हणून मी ते फाशावर सोडलंय. मठ वाईट नाही, ऋजुता. जखम धुवायला, मंत्र म्हणायला तुला मठानेच शिकवलं. मुद्रा दाखवली की अनोळखी दारं उघडतात, हेही खरं. त्याची वस्तू त्याने परत नेली. पण प्रार्थना त्याने नेली नाही. ती तू आपणहून रुमालात बांधून दिलीस. देवी नाही म्हणेलही. मात्र तिला विचारायचंच नाही, हे तिने ठरवलेलं नाही.”

ऋजुताने फासा उचलला. समोर ठेवायला काही नव्हते, म्हणून तिने क्षणभर रिकामा तळहात टेबलावर टेकवला. मग डोळे मिटून देवीचे नाव घेतले आणि फासा सोडला.

तो घरंगळत नदी ओलांडून पैलतीरावर थांबला. आकडा मोठा नव्हता, पण पुरेसा होता.

“धनुर्धर डोळे उघडतो,” अण्णा म्हणाले, “आणि पाणी मागतो.”

ओजसने इतका मोठा श्वास सोडला, की शर्व अखेर हसला.

“मुद्रा परत हवी का?” अण्णांनी ऋजुताला विचारले. “पुढे कधी महंतांकडे जाऊन मागता येईल.”

“बघू,” ती म्हणाली. मग पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत पुढे म्हणाली, “चहात साखर कमी आहे, अण्णा.”

तिने रुमालात एकटा फासा बांधला. ओजस टेबलावर कागद पसरून तळहाताने सपाट करत होता. मधली घडी काही केल्या जाईना.

“राहू दे,” तो म्हणाला. “बाण तिथंच लागला होता.”