शेजारी ऐकू येईनासा झाला की

"दादानं हाक मारली होती का?"

हे मी कारखानदाराला विचारलं. मातीला आलेल्या माणसांना विचारलं. कुणीच बोललं नाही. शेवटी मठात जाऊन अज्जांना विचारलं.

माझा भाऊ बसूदादा यंत्रमागावर शॉक लागून गेला. तेव्हा शेडमधले सगळे माग चालू होते. शेजारच्या मागावर मल्लूकाका होता. पाठ करून.

अज्जा म्हणजे मठातले म्हातारे स्वामी. दर सोमवारी संध्याकाळी ते आम्हा मागवाल्यांना गोल बसवतात. गाणं कुणालाच येत नाही. कुणी ताट आणतं, कुणी सुताची रिकामी कांडी, कुणी नुसता घसा. एकानं आवाज काढायचा, बाकीच्यांनी तो ऐकून आपला त्यात मिसळायचा. नियम एकच. शेजारी ऐकू येईनासा झाला की आपण हळू व्हायचं.

मागावर उलटं असतं. तिथं ऐकू आलं नाही की माणूस ओरडतो.

"अज्जा, मी काहीतरी विचारलंय."

"बस. आधी बैठक होऊ दे."

मी तेलाचा रिकामा डबा ओढला आणि लोखंडी सळईनं बडवायला लागलो.

"इराण्णा, डबा फुटला तर तेल काय पदरात आणशील?" पलीकडं ताट घेऊन बसलेली काशव्वा म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी आणखी जोरात बडवला. बाकीचे हळू झाले. आणखी हळू… मग तर त्यांची नुसती बोटं हलताना दिसत होती. माझ्याशिवाय काहीच ऐकू येईना.

"बोला की कुणीतरी!" सळई घेऊन मी मल्लूकाकासमोर उभा राहिलो. "शेजारी तुम्हीच होता ना, काका!"

त्यानं मान वर केली नाही. मी सळई उगारली.

अज्जा उठले. सळईला हात लावला नाही. माझा दुसरा हात धरला आणि मल्लूकाकाच्या छातीवर ठेवला.

छाती थरथरत होती. मी कान जवळ नेला.

"बसू… बसू…"

"हे कधीपासून?" मी अज्जांना विचारलं.

"तू आलास त्याच्या आधीपासून."

मी काकाच्या कानाशी वाकलो. "काका, काय म्हणताय?"

"आँ?" तो केवढ्यानं ओरडला. "मी कुठं काय म्हणतोय? मला काय गाता येतंय होय!"

मागांनी त्याचे कान कधीच खाल्लेत. त्याचा आवाज त्यालाच पोचत नव्हता.

"सांगू त्याला?"

अज्जा परत आपल्या जागी जाऊन बसले.

काकाची मान पुन्हा खाली गेली. दादाचं नाव पुन्हा सुरू झालं. बारीक, लांबलेलं. श्वास संपला की मध्येच तुटायचं. तुटलं की सगळे तिथंच थांबायचे, पुढं काय करावं कुणाला कळायचं नाही.

मी फार दमलो होतो. सळई जमिनीवर ठेवली आणि काकाच्या शेजारी टेकलो. त्याचा श्वास संपला, तेव्हा तो परत येईपर्यंत मी ते नाव माझ्या आवाजात धरून ठेवलं. मग पुन्हा. मग पुन्हा…

अज्जांनी डोळे मिटले होते.

"दमलास की सोड," ते म्हणाले. "पुढं मी धरतो."