वरखेड्याच्या साठ घटका

वरखेड्यातल्या मोरभट गणकांच्या घरात आता खगोलाचं संग्रहालय आहे. आत शिरताच छपरातल्या बारीक भोकातून उन्हाचा कवडसा फरशीवर पडलेला दिसतो. तो पितळी पट्टीवर आला की माध्यान्ह. संग्रहालय सांभाळणारे विठोजी काका पाहुण्यांना आधी तिथंच बसवतात, मग गोजराबाईची हकीकत सांगतात.

गोजरा तांबटीण इथलीच. तिच्या नवऱ्यानं वरखेडे आणि तळखेडे या दोन गावांना एकसारखी घटिकापात्रं घडवून दिली होती. तळाला छिद्र असलेलं हे वाटीएवढं भांडं पाण्यावर सोडायचं. ते बुडालं की एक घटका झाली. पाटाच्या पाण्याची पाळी दोन्ही गावं आपापल्या भांड्यानं मोजत.

पुढं तांबट वारला. एका वर्षी तळखेड्याचा गहू वाळू लागला. वरखेडकर जास्त वेळ पाणी घेतात, असा बोभाटा झाला, पाटावर काठ्या चालल्या. गोजराची लेक हौसा तळखेड्यात दिलेली. तिच्या सासूनं, पारूबाईनं निरोप धाडला, "तुमच्या धन्यानं भांडीच खोटी घडवली. आता सून माहेरी यायची नाही."

लेकीचा विरह एकवेळ तिनं सोसला असता. पण मेलेल्या माणसाच्या हाताला नाव ठेवलेलं तिच्या जिव्हारी लागलं. ती तडक मोरभटांकडं गेली.

मोरभट म्हणाले, "बाई, मला भांड्यातलं काही कळत नाही. सूर्याचं तेवढं कळतं. या पट्टीवरून निघालेलं ऊन उद्या इथंच परत येईतो साठ घटका भरायला हव्यात."

"मग मोजूच या. दोन्ही भांडी इथं आणवा," गोजरा म्हणाली.

तळखेड्याचं भांडं घेऊन पारूबाई स्वतः आली म्हणे, लबाडी होऊ नये म्हणून! मागं हौसा. माध्यान्हीला दोन्ही भांडी पाण्यावर सोडली. दर घटकेला एक चिंचोका बाजूला पडे. दोघी विहिणी समोरासमोर बसल्या, पापणी लवू देईनात. पहाटे पारूबाईला डुलकी लागली, तेव्हा तिच्या वाटणीचे चिंचोके गोजरानं चोख मांडले. जागी होऊन पारूबाईनं ते मोजले आणि आपली शाल विहिणीच्या खांद्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी ऊन पट्टीवर आलं. तळखेड्याचे चिंचोके साठ, वरखेड्याचे बावन्न! गोजरानं वरखेड्याचं भांडं कवडशात धरलं. छिद्राच्या कडेला पांढरं कीट दिसलं. वरखेड्यात भांडं विहिरीच्या पाण्यावर सोडत, त्या खाऱ्या पाण्याचा क्षार साचून छिद्र बारीक झालं होतं, म्हणून भांडं उशिरा बुडे. तिनं बाभळीच्या काट्यानं कीट कोरून काढलं. भांडी पुन्हा सोडली, ती दोन्ही एकाच वेळी बुडाली.

"नकळत तुमचं पाणी प्यालो," मोजणी बघायला आलेला वरखेड्याचा पाटील म्हणाला. त्यानं गहू हाती येईतो दर पाळीतल्या आठ घटका तळखेड्याला सोडल्या. पारूबाई गोजराला म्हणाली, "तुमच्या धन्याचा हात खरा. सून चार दिवस ठेवून घ्या."

गोजरा हसली. "तुम्हीपण राहा की!"

आणि ती राहिली, असं सांगतात.

आजही पाट सुटण्याच्या आदल्या दिवशी तळखेड्याला दिलेल्या वरखेड्याच्या लेकी साठ घटका मोजायला या घरी जमतात. माहेरपण चार दिवसांचं असतं, आणि प्रत्येकीनं सासूला बरोबर आणायचंच असतं.