पिटुकचा लाल हातमोजा

ऐक हं बाळा. दूर कॅनडात एक नदी. नदीकाठी लहानसं शहर. अर्धं अलीकडे, अर्धं पलीकडे. मधे पूल नाही. एक फेरीबोट आहे, ती माणसं नेते, माणसं आणते.

अलीकडे एक झाड. झाडाला ढोली. ढोलीत एक लाल हातमोजा, वाटेवर सापडलेला. त्यात राहायचा पिटुक. पिटुक म्हणजे इवलासा पक्षी. डोक्याला काळी टोपी.

झाडाजवळ शरयूकाकूचं घर. मार्गशीर्षातल्या गुरुवारी काकूचा उपास. काकूचा नेम असा, आधी पिटुकला शेंगदाणे, मग आपला फराळ.

आज गुरुवार. पण खिडकीत दाणे नाहीत. काकू सकाळीच पलीकडे गेली, पूजेचा नारळ आणायला. दाणे तिच्या कोटाच्या खिशात. ती परत आलीच नाही.

आभाळ राखाडी. वारा घूं घूं. पंख उघडले की वारा मागे ढकलायचा. पिटुकचं पोट रिकामं. निघाला चालत, टुणुक टुणुक.

धक्क्यावर फेरीबोट.

"फेरीताई, फेरीताई, काकूला आण. काकू येईना, दाणा मिळेना."

"तिला सोडून आले आणि नदी गोठली. बर्फ फोडायची ती मोठी बोट आहे ना, बोटमामा, तो बर्फ फोडील, तर मी निघेन. काकू विसरली असेल तुला."

"काकू नाही विसरत," पिटुक म्हणाला. टुणुक टुणुक.

"बोटमामा, बोटमामा, बर्फ फोड. फेरी निघेना, काकू येईना, दाणा मिळेना."

"माझ्या पोटात तेल नाही. टँकर तेल आणील, तर मी बर्फ फोडीन."

टुणुक टुणुक.

"टँकरदादा, टँकरदादा, तेल आण. बर्फ फुटेना, फेरी निघेना, काकू येईना, दाणा मिळेना."

"एवढासा तू, आणि मला कामाला लावतोस? रस्ता बर्फात बुडालाय. नांगरगाडी बर्फ सारील, तर मी तेल आणीन."

टुणुक टुणुक. दुपारीच अंधारून आलं.

"नांगरआजोबा, नांगरआजोबा, बर्फ सारा. तेल येईना, बर्फ फुटेना, फेरी निघेना, काकू येईना, दाणा मिळेना."

"मी एकटा कसा हलू? रेमंडकाका मला चालवील, तर मी बर्फ सारीन."

टुणुक टुणुक. रेमंडकाका पायरीवर बसला होता. बोटांवर फुंकत होता, हूं हूं.

"रेमंडकाका, रेमंडकाका, नांगर चालवा. नांगर हलेना, तेल येईना, बर्फ फुटेना, फेरी निघेना, काकू येईना, दाणा मिळेना."

"माझा हातमोजा हरवलाय रे. लाल. उघड्या हाताने चाक धरवत नाही. हातमोजा मिळेल, तर मी नांगर चालवीन."

पिटुकने मान वळवून आपल्या झाडाकडे पाहिलं. लाल हातमोजा. तोच त्याचा बिछाना. तेच त्याचं घर. वरून बर्फ पडत होता. आज निजायचं कुठे?

पण पलीकडे काकूही उपाशी. पिटुक खाईना, तर काकू खाईना.

पिटुक ढोलीत गेला. हातमोजा चोचीत धरला. ओढत ओढत आणला, सर्र सर्र.

"घ्या काका. तुमचाच आहे. मी यात निजायचो."

"आणि आता तू रे?"

पिटुकने पिसं फुगवली आणि ढोलीकडे निघाला, टुणुक टुणुक.

हातमोजा मिळाला, नांगर हलला, घर्र घर्र. नांगर हलला, तेल आलं, गुड गुड. तेल आलं, बर्फ फुटला, कडाड कड. बर्फ फुटला, फेरी निघाली, भों भों. फेरी निघाली, काकू आली. हातात नारळ, ओठ सुकलेले.

"थांबलास का रे सोन्या? मीही थांबलेय."

काकूने खिशातून दाणे काढले. पिटुकने खाल्ले, टक टक. मग काकूने पूजा केली. मग फराळ.

त्या रात्री पिटुक रिकाम्या ढोलीत कुडकुडला.

सकाळी रेमंडकाकाने काकूला सगळं सांगितलं. काकूचे डोळे भरले. तिने पूजेचा नारळ फोडला. करवंटीत मऊ लोकर भरली. करवंटी ढोलीत ठेवली. पिटुक आत शिरला. काळी टोपी तेवढी बाहेर.

पिटुकला घर मिळालं, काकूला घास मिळाला. लक्ष्मीमाते, थांबलेल्या सगळ्यांना असाच मिळू दे.