आग्रहाचा राक्षस

एका गावात राहायची भिवरा. नवरा गेला होता परगावी कामाला. घरात ती अन् तिची दोन लेकरं.

एकदा काय झालं, भर दुपारी दारात ही मोठी सावली पडली. बघते तर राक्षस! पण वागायला कसा, बरं का? वहाणा बाहेर काढल्या, पाय धुतले, हात जोडले. म्हणाला, "मावशी, वाटसरू आहे. घोटभर पाणी मिळेल का?"

भिवराची तर बोबडीच वळली. नुसत्या पाण्यावर बोळवण केली तर हा आपल्यालाच खाईल! मग तिनं पाट मांडला, चळतभर भाकरी वाढल्या. "घ्या, लाजू नका!" त्यानं मुकाट्यानं खाल्ल्या. अन् बसल्या जागी तो हातभर वाढला.

भिवरा आणखी घाबरली. मग तिनं पातेलंभर भात वाढला. "घ्या हो, तुम्हाला माझी शपथ!" त्यानं मान खाली घातली अन् तोही संपवला. आता त्याचं डोकं आढ्याला टेकलं.

मग टोपलीत उरल्या दोनच भाकरी. लेकरांच्या. धाकटी चुलीपाशी बसून त्यांच्याकडंच बघत होती. भिवराचा हात काही उचलेना. शेवटी जीव मुठीत धरून तिनं विचारलं, "दादा, खरं सांगा, पोट भरलं का तुमचं?"

अगं बाई! राक्षस ढसाढसा रडायलाच लागला.

"मावशी, मी काय जन्माचा राक्षस? आईनं शिकवलं, लोकांकडे वाढलेल्याला नाही म्हणू नये. जाईन तिथं 'घ्या, घ्या!' खाऊन खाऊन हा असा झालो. आईच्या दारात उभं राहायची लाज वाटते आता. पोट भरलं का, हे कुणी विचारलंच नाही हो!"

"मग पुरे म्हणा की!" भिवरा म्हणाली.

त्याच्या तोंडून शब्द फुटेना. सवयच नव्हती ना! एकदा आवंढा गिळला, दोनदा गिळला, अन् तिसऱ्यांदा म्हणाला, "पुरे." मग काय, भराभर लहान झाला! पाटावर उरला एक लाजरा माणूस, ढगळ सदऱ्यात बुडालेला.

लेकरं पोटभर जेवली. तो माणूस "येतो मावशी" म्हणून निघाला, तो थेट आईकडे. तिनं त्याला कुशीत घेतलं. म्हणाली, "किती वाळलास रे! थांब, शिरा करते." तो हसला. म्हणाला, "आई, आधी विचार तरी, भूक आहे का?"

मग सगळी सुखानं नांदली. तुम्हीही निजा आता. अन् बंड्या, पाय आखड, ताईला जागा दे.