अर्ध्यावर राहिलेली ओवी

फार जुन्या काळी, डोंगरउतारावरच्या एका वस्तीत लाकडाचा कोळसा पाडून पोट भरणारे एक वृद्ध जोडपे राहत असे. लाकडे रचायची, वर पाला व ओली माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा आणि लाकूड धुमसून काळे पडले की हवेसाठी ठेवलेली सर्व भोके बुजवायची, हा त्यांचा जन्माचा उद्योग. आता दोघेही पुरते थकले होते. ही शेवटची भट्टी. लोहाराला सुगीपुरता कोळसा देण्याचा शब्द पाळला, की त्याच्याच गाडीतून ती दोघे लेकीकडे कायमची विसाव्याला जाणार होती.

भट्टी उघडण्याचा एक रिवाज होता. मातीवर तळहात टेकवून ओवी पूर्ण म्हणता आली, तरच भट्टी उघडायची. लोहार गाडी घेऊन आला, त्या सकाळी म्हातारीने हात टेकवला; पण ओवी अर्ध्यावर असतानाच उचलला.

“अहो, अजून कढत आहे. थांबू या.”

“धूर कालच थांबला. जाळ नाही, धूर नाही, मग आत आहे काय? तुझे हात म्हातारे झाले.”

“माझ्या एकटीचेच का?”

लोहार म्हणाला, “बाबा, मी परवा पुन्हा येईन.”

“परवापर्यंत नुसते बसून राहण्याचीही ताकद नाही रे माझ्यात!” म्हाताऱ्याने कुदळ उचलली. म्हातारीला पुन्हा अडवावेसे वाटले. पण बोलण्याचाही शीण आला होता. ती बाजूला सरली.

माती ढासळली. आत काळाभोर, खणखणीत कोळसा! म्हातारा हसला. इतक्यात वाऱ्याची झुळूक आत शिरली. कडेला एक तांबूस ठिपका उमटला, पसरला, आणि पाहता पाहता सारा ढीग धडधडून पेटला. तिघांनी माती लोटली, पण हाती राखच आली.

“विझली होती ना गं?”

“विझली नव्हती. जळण्याजोगा कोळसा होता, ताप होता. नव्हती ती फक्त हवा. ती तुम्ही दिलीत.” मग ती म्हणाली, “आणि मी देऊ दिली.”

“बसा गाडीत. तसेच सोडतो तुम्हाला,” लोहार म्हणाला.

“आणि तुझी भट्टी थंड ठेवायची?” म्हातारी उठली. “जा बाळा तू.”

दोघांना बसण्यासाठी अंथरलेला पेंढा तसाच घेऊन गाडी वळली. म्हाताऱ्याने कुऱ्हाड खांद्यावर घेतली, म्हातारीने दोर घेतला, आणि दोघे पुन्हा रानाची वाट चढू लागले.

तात्पर्य: काम संपत आले की थकवा घाई करू लागतो, त्या वेळी त्याचे ऐकणाऱ्याला सारे काम पहिल्यापासून करावे लागते.